'बेत'मधला 'स' कुठे गेला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपण नाव दिलेलं नाही, तेव्हा 'महोदय' म्हणते.

'बेत' म्हणजे जनावर, या फ्रेंच शब्दावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "लॅटिन 'बेस्तिया'चा 'बेत' झाला म्हणता, मग मधला 'स' काय उंदरांनी खाल्ला? हौशी लोकांनी व्युत्पत्तीच्या फंदात पडू नये." शंका विचारायला ना नव्हती. पण उंदीर आणि 'हौशी' कशाला हवे होते?

एक चूक झाली, ती मान्य. 'ला बेल ए ला बेत' ही सुंदरी आणि पशूची गोष्ट मी लप्रँस द बोमाँ बाईंच्या नावावर १७४० साली टाकली. १७४० ची मूळ लांबलचक गोष्ट व्हिलनव बाईंची. बोमाँ बाईंची आटोपशीर आवृत्ती १७५६ ची. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तो 'स'. बावीस वर्षं मी शाळेत फ्रेंच शिकवते आहे. दरवर्षी एखादं पोर हेच विचारतं, फक्त ते हात वर करून विचारतं. मी फळ्यावर जोड्या लिहिते: हॉस्पिटल-ओपिताल, फॉरेस्ट-फोरे, बीस्ट-बेत. इंग्रजांनी हे शब्द जुन्या फ्रेंचकडून उचलले तेव्हा 'स' जागेवर होता. त्यांनी तो जपला, फ्रेंचांच्या तोंडून मात्र गळाला. लिहिण्यात तो पुढे कित्येक शतकं रेंगाळला. १७४० मध्ये फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीने असे मुके 'स' काढले आणि आधीच्या स्वराच्या डोक्यावर टोपी, म्हणजे ^ ही खूण, ठेवली. (माझ्या डोक्यात तेच साल घोळत होतं, म्हणून वरचा घोटाळा.) किडामुंगीला 'बेस्तिऑल' म्हणतात, तो शब्द मागाहून थेट लॅटिनमधून घेतला, म्हणून त्यात 'स' शाबूत. हरिणीला 'बिश' म्हणतात, तीही बेस्तियाचीच लेक.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? 'हस्त'चा 'हात' झाला, 'हस्ती'चा 'हत्ती'. तिथला 'स' कोणत्या उंदराने खाल्ला, महोदय?

'बेत म्हणजे सरळ मूर्ख, त्याचं एवढं कौतुक कशाला' असंही आपण म्हणता. मूर्ख हा अर्थ आहेच, लेखातही आहे; आपणही 'जनावर आहेस नुसता' म्हणतोच की. पण मी फ्रान्समधल्या तूर शहरात एका आजींकडे तीन महिने राहिले आहे. एका सकाळी त्यांच्या बाहीवर काळ्या ठिपक्यांचा लाल किडा बसला. त्यांनी तो अलगद बोटावर घेतला, आपणहून उडेपर्यंत हात हलू दिला नाही, आणि मला म्हणाल्या, "बेत आ बों दिय." देवबाप्पाचं जनावर. तिथे आपला 'मूर्ख' बसवून दाखवा.

बाकीचं: 'बेट' नाही, 'बेत'च, फ्रेंच 'त' म्हणताना जीभ दातांना लागते. 'आनिमाल'वर का लिहिलं नाही? कारण लेख 'बेत'वर होता. लेख लांबला म्हणता, तर लांबला. वाचायची सक्ती नव्हती.

हो, एक वाक्प्रचार लेखात राहूनच गेला होता, आपल्यामुळे आठवला. 'शेर्शे ला पतीत बेत': बारीकसा किडा शोधत बसणे, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खुसपट काढणे. आजच लेखात घालते.