लॅक्टेज केवळ दुधापुरतं? उंदराची साक्ष पुरती ऐका

नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. म्हणणं असं: लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) निसर्गाने केवळ दूध पचवायला दिलं आहे, अंगावरचं दूध तुटलं की ते बंद पडतं, उंदरांतही तसंच दिसलं आहे, म्हणून मोठ्या माणसाच्या पोटात दूध म्हणजे विष. शेवटी ठळक अक्षरांत, ‘कोणताही प्राणी मोठेपणी दूध पीत नाही.’

मी दुधाची वकिली करत नाही, मलाही कपभरापेक्षा जास्त सोसत नाही. पण उंदराला साक्षीला उभं केलंच आहे, तर त्याला मध्येच गप्प करू नये.

‘केवळ दूध पचवायला.’ घोळ नावातच आहे. लहान आतड्याच्या अस्तरावर ब्रशच्या केसांसारखी दाट झालर असते, तिच्यात लॅक्टेज रोवलेलं असतं. या एकाच प्रथिनाला कामाच्या दोन जागा आहेत. एकीवर दुधातल्या लॅक्टोज या साखरेचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे होतात. दुसरी फ्लोरिझिन हे द्रव्य फोडते, जे सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडतं. उंदराच्या आतड्याला सफरचंदाच्या झाडाच्या सालीचं एवढं काय पडलंय? उत्तर 1973 मध्ये लीस आणि सेमेंझा या संशोधकांनी दिलं: फ्लोरिझिन फोडणारं आणि ग्लायकोसिलसेरामाइड फोडणारं आतड्यातलं विकर एकच. पुढे 1981 मध्ये कोबायाशी आणि सुझुकी यांनी हे विकर खास उंदराच्या आतड्यातून शुद्ध करून ते कशाकशावर चालतं ते तपासलं.

ग्लायकोसिलसेरामाइड म्हणजे एक ग्लायकोलिपिड, डोक्यावर साखर आणि मागे सेरामाइड नावाचा स्निग्ध भाग. ते गव्हात, तांदळात, सोयाबीनमध्ये असतं. दुधातल्या स्निग्धकणांच्या वेष्टनातही असतं. शिवाय आतड्याच्या स्वतःच्या पेशींच्या आवरणात असतं, आणि या पेशी दर काही दिवसांनी झडून आतड्यातच पडतात. म्हणजे दुधाचा थेंब न बघितलेल्या उंदराच्या पोटातही या विकराला काम आहेच. ते साखर उडवतं. उरलेल्या सेरामाइडचे स्निग्धाम्ल आणि स्फिंगोसिन असे दोन भाग न्यूट्रल सेरामिडेज हे शेजारचं विकर करतं. या दुसऱ्या विकराचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचा अभ्यास 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ते उंदीर व्यवस्थित जगले, पण त्यांच्या आतड्यात सेरामाइडचं विघटन अडलं.

उगाच ताणायलाही नको. जन्मतःच लॅक्टेज नसलेली बाळं लॅक्टोजविरहित आहारावर नीट वाढतात, तेव्हा ग्लायकोलिपिडचं काम जीवनमरणाचं नाही. पण ‘केवळ’ हा शब्द मात्र टिकत नाही.

‘दूध तुटलं की बंद पडतं.’ बंद पडत नाही, उतरतं. उंदराचं पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की लॅक्टेज झपाट्याने घटतं, पण शून्यावर जात नाही. आणि प्रथिन एकच असल्यामुळे ग्लायकोलिपिडची जागाही त्याच्याबरोबर आखडते, पण उरते. ही घट दूध न प्यायल्यामुळे होत नाही, ती जनुकांच्या नियंत्रणातली आहे. दूध चालू ठेवून ती थांबत नाही. माणसांत तर सगळ्यांचं उतरतही नाही. 2002 मध्ये फिनलंडच्या संशोधकांना लॅक्टेजच्या जनुकाजवळ एका अक्षराचा बदल सापडला. ज्यांच्यात तो असतो त्यांचं लॅक्टेज मोठेपणीही टिकतं. तोच बदल पुढे भारतीयांतही आढळला, उत्तर आणि वायव्येकडे जास्त प्रमाणात.

‘विष.’ न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, पोट गुडगुडतं, फुगतं, कधी जुलाब होतात. त्रास खरा आहे, विष नाही. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, फारशा तक्रारीविना चालतं. दह्यात जिवाणूंनी थोडं काम आधीच उरकलेलं असतं.

राहिली ती ठळक अक्षरांतली ओळ. आमच्या सोसायटीतल्या बोक्याने तो मजकूर अजून वाचलेला नाही.