ताई, काकांच्या ट्रेडमिलबद्दल

नमस्कार ताई. तुम्ही आमच्या जिमला एक स्टार देऊन लिहिलंय की वडिलांना पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर चढवलं, ट्रेनरनं दांडा सोडायला लावला, पट्टा झटके देत होता आणि उतरल्यावर जमीन सरकायला लागली म्हणून ते भिंतीला धरून उभे राहिले. 'रोज रंकाळ्याला फेरी मारणाऱ्या माणसाला तुम्ही चालायला शिकवणार?' हे तुमचं वाक्य मला लागलं.

आधी आमची चूक. उतरल्यावर असं होतं, हे काकांना चढायच्या आधीच सांगायला हवं होतं. आणि दांडा सोडा म्हणून ट्रेनर दुसऱ्या माणसाकडे गेला, हे तर व्हायलाच नको होतं. काकांची आणि तुमची मनापासून माफी मागतो.

पट्ट्याचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी जिम उघडायच्या आधी मी स्वतः त्याच मशीनवर २० मिनिटं चाललो, पट्ट्याचा ताण आणि खालचं तेल तपासलं. मशीन ठीक आहे. पण काकांना झटका जाणवला तोही खोटा नाही. नवखा माणूस टाच आपटत चालतो, धप धप आवाज येतो. पाऊल जोरात पडलं की मोटरवर भार येऊन पट्टा जरासा अडखळतो.

रंकाळ्यावर चालताना कठडा, झाडं, समोरची माणसं मागं मागं जातात, त्यावरून आपल्याला वेगाचा अंदाज येतो. इथं पाय चालतात आणि समोरचं घड्याळ जागच्या जागी. त्यामुळं तोच वेग पट्ट्यावर जास्त वाटतो. मग पावलं आखूड आणि भराभर पडतात, पाय फाकतात, नजर खाली जाते. काकांना मी काउंटरवरून बघत होतो. वेग ताशी ३ किलोमीटर, पण दांडा एवढा घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तेव्हाच मी उठून जवळ जायला हवं होतं.

तरुण पोरांना पट्ट्यावरची चाल साधारण ५ ते १० मिनिटांत जमते. साठीपुढच्या माणसाला १५ मिनिटंही पुरतील असं नाही, दोन-चार दिवस लागू शकतात. आणि पट्ट्याची सवय व्हायला लागली की उतरल्यावरही अंग थोडा वेळ त्याच हिशेबानं चालतं, म्हणून जमीन सरकल्यासारखी वाटते. बहुतेकांचं हे लगेच थांबतं. काकांना घरी गेल्यावरही गरगरत असेल, तर ते ट्रेडमिलमुळंच असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवून बीपी-शुगर बघून घ्या.

दांडा सोडायला सांगतो ते खरंच. हातावर भार टाकून, वाकून चाललं तर पायांना चाल सापडत नाही. पण पहिल्या दिवशी नाही. आधी दोन्ही हात हलके, मग एक, मग नुसती बोटं. आता नवीन माणसाजवळ पहिले तीन दिवस ट्रेनर हलणार नाही, आणि मशीन बंद करणारी लाल चावी शर्टाला अडकवल्याशिवाय पट्टा सुरू होणार नाही.

महिन्याची फी परत हवी असेल तर आजच देतो. काका पुन्हा यायला तयार असतील तर रंकाळ्याला घालतात तेच बूट घालून येऊ द्या. सकाळी ६ ते ९ मी असतोच, त्यांच्या शेजारी मी स्वतः उभा राहीन.