वृक्षमित्र व्हा, पण बेतानं

मुलगा पर्यावरण चळवळीत पडतो म्हणाला तर लगेच कपाळाला हात लावू नका. नाशकात या लाइनला वाव आहे. फक्त त्याला सुरुवात झाडांपासून करायला सांगा. झाड लावणाऱ्याचं कुणाशी वाकडं नसतं. जूनमध्ये गंगापूर रोडला एक खड्डा गाठायचा (शक्यतो गेल्या वर्षीचाच, खणायचे कष्ट वाचतात), रोपाची काळी पिशवी फाडायची आणि पाहुण्यांचा हात झारीला लागेपर्यंत फोटोवाल्याला धरून ठेवायचं. मग मिसळ. दोन पावसाळ्यांत तुमचे चिरंजीव 'वृक्षमित्र'.

घोळ होतो तो उभं झाड वाचवायला गेलं की. तपोवनच घ्या. 2027 च्या सिंहस्थासाठी साधुग्राम करायचं म्हणून तिथल्या झाडांवर नोटिसा लागल्या आणि 2025 च्या अखेरीस लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. कालचे वृक्षमित्र एका रात्रीत विकासविरोधी, वर धर्मविरोधी. तेव्हा खोडावरची नोटीस वाचूच नये. वाचलीच, तर लेखी हरकत घेऊन कुठल्या खिडकीत जाऊ नये. साहेब साइटवर गेलेले असतात. साइट म्हणजे तेच झाड.

इतकं होऊनही खुमखुमी शिल्लक असेल, तर अणुऊर्जेला विरोध करा. इथे शाल मिळत नाही, हे आधीच सांगतो. 'घरात पंखा लागतो ना?' हा प्रश्न मिळतो, तोही एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर वर्षानुवर्षं गिळणाऱ्या माणसाला. मग 'जैतापूर कुठे, नाशिक कुठे!' तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून शेजारच्या पालघर जिल्ह्यात आहे, हे सांगू नका, माणसं दुखावतात. रत्नागिरीतल्या जैतापूरला 1650 मेगावॉटच्या सहा प्रस्तावित अणुभट्ट्या, एकूण 9900 मेगावॉट, हा आकडा मात्र पाठ करा. समोरचा तो अभिमानाने सांगतो, तुम्ही काळजीने सांगायचा, एवढाच फरक. फुकुशिमाला महिना उलटतो न उलटतो तोच, एप्रिल 2011 मध्ये, जैतापूरजवळच्या साखरी नाट्याला आंदोलकांवरच्या पोलीस गोळीबारात एक मच्छीमार गेला. चर्चेत हे काढलंत की लोक घड्याळ बघतात.

अणुभट्टीच्या कचऱ्याचा मुद्दा तर नाशिककराला नाशिकच्या हिशोबाने सांगावा. त्यातलं प्लुटोनियम-239 निम्मं व्हायला सुमारे 24,000 वर्षं लागतात. भागिले बारा. दोन हजार सिंहस्थ. आपल्याला एका सिंहस्थाचं नियोजन बारा वर्षांत जमत नाही, हे त्यानंतर म्हणायचं नाही. आमच्या एका मित्राने म्हटलं, त्याला पुढच्या बैठकीचा निरोपच आला नाही.

पगाराचं विचारू नका. बायकोच्या नोकरीवर चळवळ चालते, हे पत्रिका बघतानाच मुलीकडच्यांना सांगितलेलं बरं.

साठीला मात्र सत्कार ठरलेला. नेमके ज्यांच्याविरुद्ध तीस वर्षं अर्ज केले ते प्रमुख पाहुणे. निवेदक परिचयात झाडं सांगेल, गोदावरीतल्या पाणवेली सांगेल आणि अणुभट्टीपाशी आला की वेळेअभावी पान उलटेल. मग हातात प्लास्टिकच्या कुंडीतलं एक रोप येईल. फोटो निघेपर्यंत ते छातीशी नीट धरा. परत द्यायचं असतं ते, मागे अजून चार सत्कारमूर्ती बसलेत.