चर्च कॉन्स्टंटाइनने जन्माला घातले नाही

ख्रिस्ती लोकांच्या गटांत एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: येशूचे पहिले अनुयायी आपापल्या घरी प्रार्थना करणारे सुटे भाविक होते. त्यांच्यात पदे नव्हती, पैशांचा व्यवहार नव्हता, शिस्त नव्हती. 325 साली निकेआ शहरात भरलेल्या परिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चर्च स्थापन केले, बायबलही तिथेच ठरवले. मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल, त्याला यातले काहीच नको होते, म्हणून खऱ्या विश्वासूला चर्चची गरज नाही. चर्चच्या कारभाराने दुखावलेली माणसे हा मजकूर पुढे पाठवतात. त्यांचे दुखणे मी नाकारत नाही. पण पौलाची पत्रे आपल्या हातात आहेत, आणि ती याच्या उलट साक्ष देतात.

आधी निकेआ. तिथे ठिकठिकाणचे बिशप, म्हणजे चर्चचे प्रमुख धर्माधिकारी, जमले, ते बिशप होते म्हणूनच. कॉन्स्टंटाइन स्वतः तेव्हा बाप्तिस्मा घेतलेलाही नव्हता. तो त्याने 337 साली मृत्यूच्या तोंडावर घेतला. परिषदेपुढचे मुख्य विषय होते एरियसची शिकवण (पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही, ही) आणि पुनरुत्थानाच्या सणाची, म्हणजे ईस्टरची, तारीख. बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत यावर परिषदेचा एकही नियम नाही. नव्या कराराच्या 27 पुस्तकांची आजच्यासारखी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 सालच्या पत्रात दिसते. आणि 303 साली रोमन सम्राट डायोक्लेशनने चर्चच्या इमारती पाडण्याचा व ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला होता. चर्च 325 साली जन्मले असेल, तर 22 वर्षे आधी पाडायचा हुकूम कशाचा होता?

‘घरी जमत’ हे मात्र खरे आहे. प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी मंडळी, म्हणजे त्या गावचे चर्च, जमे, लावदिकीयात निंफेच्या घरी जमे. पण घरात जमणे म्हणजे खासगी भक्ती नव्हे. करिंथकरांस पहिले पत्र पौलाने इफिसहून साधारण 55 साली लिहिले, म्हणजे निकेआच्या सुमारे 270 वर्षे आधी. त्याच्या अकराव्या अध्यायात तो संतापलेला आहे. का? लोक प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ होणाऱ्या सामूहिक भोजनाला, एकत्र येतात, पण ज्यांच्याकडे आहे ते आधीच खाऊन घेतात. कुणी भुकेला राहतो, कुणी दारूने झिंगतो. पंगतीत गरिबाचे पान रिकामे राहिले, एवढ्यावरून पौल म्हणतो की हे प्रभूचे भोजन राहिलेच नाही. प्रार्थना चुकली, गीत बेसूर झाले, अशी तक्रार नाही. एकमेकांसाठी थांबा, हा त्याचा आदेश आहे. पुढच्याच अध्यायात तो मंडळीला शरीर म्हणतो आणि दुर्बल वाटणारे अवयवच जास्त गरजेचे आहेत असे बजावतो. सुट्या भाविकांना हे लिहिण्यात काय अर्थ होता?

शिस्तही याच पत्रात आहे. पाचव्या अध्यायात एका माणसाला मंडळीबाहेर काढायला सांगितले आहे, सहाव्यात आपसातले खटले बाहेरच्या न्यायालयात नेणाऱ्यांना फटकारले आहे. जिथे आत-बाहेरची सीमाच नाही, तिथून कुणाला बाहेर काढणार?

आता पैसा. माझ्या मते मूळ मजकूर इथेच सर्वांत जास्त चुकतो. जेरुसलेममधल्या गरीब विश्वासूंसाठी पौलाने गलतिया, मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको, असे तो लिहितो. पैसे पोचवायला माणसे तुम्हीच निवडा, असेही सांगतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर मंडळ्यांनी नेमलेला भाऊ बरोबर घेतल्याचे कारणही दिले आहे: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आमच्यावर ठपका ठेवू नये, प्रभूपुढे योग्य तेच माणसांपुढेही योग्य दिसावे. हे संघटन नाही तर काय? कारभार पारदर्शक असावा ही आजची मागणी चर्चविरोधी आहे असे कुणी म्हणाले, तर त्याला हा अध्याय वाचून दाखवावा. जबाबदारीचा धडा प्रेषितानेच घालून दिला आहे.

पदांबद्दल मजकुरात थोडे तथ्य आहे. शहरात एकच बिशप आणि त्याच्या हाताखाली सारे, ही रचना पौलाच्या काळात सगळीकडे नव्हती. ती ठळक दिसते दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत. पण पदेच नव्हती हे खोटे आहे. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत अध्यक्ष आणि सेवक येतात. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, जे बहुधा 50 सालच्या आसपासचे आहे, तुमच्यावर देखरेख करणाऱ्यांना मान द्या असे आहे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचे स्वागत करा, असे पौल रोमकरांना सांगतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथला लिहिलेले पत्र, ज्याला क्लेमेंटचे पहिले पत्र म्हणतात, निघालेच मुळी मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, पदावरून हटवल्याच्या भांडणातून. 112 सालच्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजानला कळवतो, की ख्रिस्ती ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, आणि सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करून त्याने चौकशी केली. दासी असून मंडळीत जबाबदारीचे स्थान! त्या दोघींची नावे त्याने लिहिली नाहीत, याची मला फार खंत वाटते.

कॉन्स्टंटाइनने काहीच बदलले नाही असे नव्हे. 313 नंतर छळ थांबला, जप्त जागा परत मिळाल्या, धर्माधिकाऱ्यांना सवलती मिळाल्या, बॅसिलिका म्हणजे भव्य प्रार्थनागृहे उभी राहिली. 380 साली थिओडोसियसने हा साम्राज्याचा धर्मच केला. सत्तेच्या त्या सोबतीवर टीका जरूर करावी. ती करण्यासाठी पौलाच्या पत्रांसारखा भक्कम आधार दुसरा नाही.

उरला शेवटचा निष्कर्ष, की घरी बसून विश्वास ठेवला तरी पुरे. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात लेखक म्हणतो, काहींना एकत्र येणे टाळण्याची सवय लागली आहे, तसे तुम्ही करू नका. उलट एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मांसाठी उत्तेजन द्या. एकत्र येण्याचे कारण त्याने तिथेच सांगून ठेवले आहे, आणि घरी एकट्याने बसून ते पुरे होत नाही.