गोल्फ क्लब मैदानाच्या कट्ट्यावर गोल्फची चर्चा

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सगळे शहर आजही ‘गोल्फ क्लब’ म्हणूनच ओळखते. रिक्षावाल्याला तेच नाव सांगावे लागते, आणि पहाटे फिरायला निघालेली माणसेही ‘गोल्फ क्लबवर जाऊन येतो’ असेच सांगून घराबाहेर पडतात. त्या मैदानावर रणजीचे सामने झाले आहेत. मात्र आमच्या कट्ट्यावर गेली वीस वर्षे संध्याकाळी बसणाऱ्या चौघांपैकी एकानेही तेथे गोल्फचा चेंडू पाहिलेला नाही. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथे लेकीकडे राहायला गेलो असताना मी गोल्फ खेळून आलो, आणि मैदानासाठी एक पैसाही द्यावा लागला नाही, हे सांगताच प्रथम कोणाचा विश्वासच बसला नाही. मग अण्णांनी हरकत घेतली.

लेकीच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर ब्रंट्सफील्ड लिंक्स नावाचे नगरपालिकेचे मोकळे गवताळ मैदान आहे. उन्हाळ्यात त्यावर छत्तीस होल (प्रत्येकी फटक्याची एक सुरुवातीची जागा आणि चेंडू घालायचा एक खळगा) मांडलेले असतात. बहुतेक होल शंभर यार्डांच्या आतले असल्यामुळे चेंडू उचलून टाकणारी एक वेज आणि घरंगळवून खळग्यात घालणारा एक पटर एवढ्या दोन काठ्यांवर काम भागते, आणि त्याही समोरच्या खाणावळीत भाड्याने मिळतात. नावनोंदणी नाही, सभासदत्व नाही, पोशाखाचा नियम नाही. जून महिन्यात तेथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे आम्ही जेवण आटोपून खेळायला जात असू. माझा पहिला फटका चेंडूच्या डोक्याला चाटून गेला आणि चेंडू जेमतेम दहा फूट सरकला. मागे थांबलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपला खेळ बाजूला ठेवून मला काठी धरायला शिकवले. दुसऱ्या संध्याकाळी सातव्या होलवर दोनच फटक्यांत चेंडू खळग्यात गेला, तेव्हा झालेला आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

“तुमच्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही,” अण्णा म्हणाले, “पण ते हिरवे गवत पावसावर वाढते, हे तुम्ही विसरता आहात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात तेच गवत जगवायचे म्हणजे धरणाचे किंवा विहिरीचे पाणी द्यावे लागणार, आणि त्याच महिन्यांत जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांना टँकर लागतात. दोघांनी फटके मारावेत म्हणून हिरवळ भिजवायची, हा हिशेब मला पटणारा नाही.” अण्णांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली आहे. पाण्याविषयी ते बोलू लागले की आम्ही मधे बोलत नाही.

वकीलसाहेबांचा आक्षेप निराळा होता. त्यांच्या मते गोल्फ हा मुळातच साहेबाचा आणि श्रीमंतांचा खेळ आहे. भारतात तो अधिकारी आणि व्यापाऱ्यांबरोबर आला, आणि १८२९ मध्ये कलकत्त्याला क्लब निघाला तोही त्यांच्यासाठीच. एखाद्या गावात फुकट मैदान आहे म्हणून खेळाची प्रकृती बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

येथे मला त्यांना अडवावे लागले. १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या कारकिर्दीत स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली होती, कारण त्या नादात लोक धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष करू लागले होते. मूठभर सरदारांच्या करमणुकीमुळे राज्याच्या संरक्षणाची चिंता पडत नाही. ज्या खेळात गावेच्या गावे गुंतली आहेत, त्यावरच असा कायदा करावा लागतो. पुढे १७४४ मध्ये एडिंबराच्या काही प्रतिष्ठित खेळाडूंनी पहिले तेरा नियम लिहून काढले, ते लीथच्या सार्वजनिक मैदानावरील स्पर्धेसाठी. त्याच मंडळींची संस्था नंतर मसलबरोला गेली आणि १८९१ मध्ये म्युअरफील्ड येथे खासगी मैदानावर स्थिरावली. तेथे स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव मंजूर व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. खेळ तोच होता, चेंडू आणि काठीही तीच होती. मधल्या काळात भर पडली ती कुंपणाची. वकीलसाहेब ज्याला खेळाची प्रकृती म्हणत होते, ती मला या कुंपणाची प्रकृती वाटते.

“मग ब्रंट्सफील्डला कुंपण का पडले नाही?” असे त्यांनी विचारले. वकिलाने विचारावा असाच तो प्रश्न होता, आणि उत्तरही त्यांच्याच क्षेत्रातले आहे. त्या मैदानावर आणि शेजारच्या मेडोज या हिरवळीवर इमारती उभ्या राहू नयेत म्हणून १८२७ मध्येच कायद्याने तरतूद झाली. शिवाय स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानुसार खेळात व्यत्यय न आणता आणि ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पाय न ठेवता कोणीही गोल्फच्या मैदानावरून चालत जाऊ शकते. मी प्रत्यक्ष पाहिले ते असे, की आई बाबागाडी घेऊन पायवाटेने निघून जाईपर्यंत खेळणारा काठी टेकून उभा राहतो, आणि गवतावर पंगत मांडून बसलेल्या विद्यार्थ्यांकडे चेंडू वळलाच तर ‘फोर!’ अशी मोठ्याने हाक देऊन त्यांना सावध करतो. एकच जमीन फिरणारा, बसणारा आणि खेळणारा असे तिघे वापरतात. मोकळ्या भूखंडावर बांधकामाचा फलक लागलेला पाहण्याची डोळ्यांना सवय झालेल्या माझ्यासारख्या माणसाला याचे अप्रूप वाटले, आणि हेवाही वाटला.

एवढा वेळ गप्प बसलेल्या सरांनी आता तोंड उघडले. सर तीस वर्षे शाळेत खेळाचे शिक्षक होते, आणि त्यांचा राग आमच्या सगळ्यांच्या मुद्द्यांपेक्षा जुना आहे. ते म्हणाले, “१९९१ मध्ये गोल्फची इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, होता. ही स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्याचा मुलगा. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता आणि मैदानाच्या कडेला राहता राहता ही मुले खेळ शिकली. चेंबूरला प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीतली कॅडी मुले लोखंडी सळया वाकवून काठ्या करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळात गोल्फ खेळतात. त्यांना खेळ येतो, जागा तेवढी मिळत नाही. मला एवढेच सांगा, की आपल्या शाळेतल्या मुलाच्या हातात ही काठी कधी यायची?”

या प्रश्नावर बराच वेळ कोणी बोलले नाही. पाण्याचा मुद्दा मी टाळत होतो, हे मला तेव्हा जाणवले, म्हणून मी पुन्हा अण्णांकडेच वळलो. आपल्या देशातल्या अनेक जुन्या गोल्फ मैदानांवर हिरवळ राखणे शक्य नसल्यामुळे ग्रीनच्या जागी ‘ब्राऊन’ असत, म्हणजे तेल मिसळून दाबून बसवलेल्या वाळूचे सपाट वर्तुळ. फटका मारण्याआधी खेळणारे ती वाळू सारखी करून घेत. चेंडू त्यावरून नीट घरंगळतो आणि पाण्याचा थेंबही लागत नाही. मधली जमीन कशीही असली तरी चालते, कारण आखूड होलमध्ये चेंडू बहुतेक अंतर हवेतूनच कापतो.

अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी वकीलसाहेबांना विचारले, “दिंडोरी रस्त्याला तुझे वावर आहे, तिथला उन्हाळी कांदा निघाला का?”

“मागच्याच आठवड्यात निघाला. आता पाऊस पडेपर्यंत रिकामेच आहे. पण अण्णा, तुम्हीच तर विरोध करत होतात.”

“माझा विरोध पाण्याला होता. वाफे मोडून सारखे केले आणि पाणी अजिबात दिले नाही, तर माझे काही म्हणणे नाही.”

सरांनी तेवढ्यात वहीचे पान फाडून सहा होलांचा आराखडा काढायला घेतला होता. सर्वांत लांब होल सत्तर पावलांचा, बांधावरच्या निंबाला वळसा घालून जाणारा. शाळेची किती मुले एका वेळी आणता येतील आणि फटका मारणाऱ्याच्या मागे किती अंतरावर त्यांना उभे करावे लागेल, हे ते स्वतःशीच पुटपुटत होते. दोन जुन्या वेज मिळवण्याचे काम माझ्याकडे आले.

“खळग्याचे माप किती?” अण्णांनी विचारले.

“एकशे आठ मिलिमीटर. जगभर तेच.”

“मग झाले. माझ्याकडे चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा पडला आहे, त्याचा बाहेरचा व्यास एकशे दहा भरतो. मुलांना दोन मिलिमीटरची सवलत देऊ. रविवारी सकाळी करवत घेऊन येतो.”