‘सायको’ परत बघताय? खुनापेक्षा खुनानंतरची साफसफाई बघा

ज्यांनी अजून बघितलेलाच नाही त्यांनी इथंच थांबा की ओ, पुढं सगळं फोडलेलं आहे.

हिचकॉकच्या या 1960 च्या सिनेमातला शॉवरचा खून एवढा गाजलाय, की परत बघणारा माणूस त्याचीच वाट बघत बसतो. रक्त म्हणून चॉकलेट सिरप, सुरीचा आवाज खरबुजात भोसकून काढलेला, चित्रीकरणाला सात दिवस, हे सगळ्यांना पाठ. खून करणारी सावली तर नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्सची नाहीच. तो तेव्हा न्यूयॉर्कला नाटकाच्या तालमीत होता.

माझ्या मते दुसऱ्या खेपेला खरा सिनेमा त्याच्या आधी आणि नंतर आहे.

आधी म्हणजे मोटेलच्या ऑफिसमागच्या खोलीतलं सँडविच. मोटेल चालवणारा नॉर्मन नायिकेला सांगतो, बारा खोल्या, बाराही रिकाम्या, हायवे दुसरीकडून नेला. जुन्या पी.बी. (पुणे-बंगळूर) रोडवर धंदा केलेल्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. पण कान द्यायचा तो आईबद्दलच्या बोलण्याला. भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांइतकीच ती निरुपद्रवी आहे, असं तो म्हणतो. पहिल्या वेळी ही उपमा वाटते. दुसऱ्या वेळी कळतं, गडी अक्षरशः खरं बोलतोय.

नंतर म्हणजे साफसफाई. जवळजवळ संवाद नाहीतच. शॉवरचा पडदा फरशीवर अंथरून त्यावर प्रेत ओढलं, बेसिनमध्ये हात धुतले, बादली आणली, टब पुसला, गाडी मागं घेऊन डिकी दाराला लावली. शेवटी वर्तमानपत्राची गुंडाळी उरते. अर्धा सिनेमा आपण नायिकेनं चोरलेल्या ज्या 40,000 डॉलरची काळजी केली ते त्यात आहेत, आणि हा न बघता डिकीत फेकतो! मग दलदलीत गाडी बुडता बुडता मध्येच अडकते, आणि आपल्याच तोंडून ‘अरे जा की खाली’ निघतं. नायिका मेलेली, आणि आपण पुरावा बुडायची वाट बघतोय. हिचकॉकनं बाजू कधी बदलायला लावली ते पकडायचं असेल तर ही दहाएक मिनिटं सुम्म बसून बघा, मोबाईल लांब ठेवून.

टीव्हीचं सेटिंग मात्र आधी बघा. हालचाल गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंदच करा. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो, मग शॉवरमधले झटपट कट लिबलिबीत होतात आणि सगळं मालिकेसारखं दिसतं. ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ मोड लावा, नाहीतर काळ्या-पांढऱ्याला निळसर झाक येते. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा आहे, तेव्हा नकली सराउंड नको. ‘नाइट मोड’ तर नकोच. तो बारीक आवाज वाढवतो, मोठा दाबतो, आणि संगीतकार बर्नार्ड हर्मनची व्हायोलिनं किंचाळायच्या जागी कुरकुरतात. हिचकॉकला शॉवरच्या खुनाला संगीतच नको होतं, हर्मननं तरीही लिहिलं. नशीब!

खानापूरकडं जून-जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असताना बघणार असाल तर सरळ हेडफोन लावा. आईचा आवाज वेगवेगळ्या कलाकारांचा मिसळून केलाय, तो फरक स्पीकरवर पावसात हरवतो.

मिळाली तर 2020 ची न कापलेली आवृत्ती घ्या. वाढीव भाग काही सेकंदांचाच, पण नॉर्मनच्या हातावरचं रक्त त्यात जास्त वेळ दिसतं आणि पुढच्या हात धुण्याला वजन येतं.

शेवटचं मानसोपचारतज्ज्ञाचं भाषण मला आजही लांबलेलं वाटतं. पुढं ढकलू मात्र नका, कारण लगेच नॉर्मनचा चेहरा येतो आणि त्यावर क्षणभर कवटी उमटते. रिमोट हातात असला की नेमकी तीच हुकते.

आणि चहासाठी इंटरव्हल हवाच असेल तर खुनापाशी थांबवू नका. गाडी पूर्ण बुडाली की थांबवा. तिथून गोष्ट नायिकेच्या प्रियकराच्या, सॅमच्या हार्डवेअरच्या दुकानात जाते.