‘कानस मारली असती तर तासाभरात काम झाले असते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वाई तालुक्यातील एका कुटुंबाच्या जुन्या .३१५ रायफलमध्ये काडतूस मॅगझिनमधून (काडतुसे धरणाऱ्या पेटीतून) चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) नीट का चढत नव्हते आणि आमच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आम्ही ती अडचण कशी दूर केली, याविषयी लिहिलेल्या माझ्या लेखावर आपण विट्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. आपले आक्षेप चार आहेत. काडतुसे भरण्याचा क्रम मी सांगितलाच नाही. तासाभराच्या कामाला तीन आठवडे लावले. पुराण्या हत्याराला परवाना लागत नसताना वाचकांना विनाकारण घाबरवले. आणि शिकारच बंद असताना अशी रायफल दुरुस्त करण्यात अर्थ काय, असे आपण विचारले आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. .३१५ चे काडतूस रिमचे आहे, म्हणजे त्याच्या बुडाची कडा केसच्या (काडतुसाच्या धातूच्या नळीच्या) अंगाबाहेर येते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे गेली, तर बोल्ट (हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा) वरचे काडतूस पुढे ढकलताना ते खालच्या रिमला अडकते आणि दोन्ही एकमेकांत रुतून बसतात. अशा वेळी बोल्टवर जोर देऊन काहीच साधत नाही. मॅगझिन काढून काडतुसे पुन्हा भरावी लागतात. हाताने एकेक काडतूस भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची रिम आधीच्या रिमच्या पुढे राहील याची खात्री करायला हवी. ही गोष्ट आमच्या हाताला इतकी सवयीची झाली आहे की लिहिताना ती सुटली. वास्तविक लेखाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती, कारण ‘रायफल अडकते’ म्हणून दुकानात येणाऱ्या कित्येकांची अडचण क्रम दाखवताच संपते. मूळ लेखात मी ही दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. आपण लिहिता, ‘आमच्या आजोबांच्या वेळचा मिस्त्री मॅगझिनच्या ओठांवर दोन हात कानस मारायचा आणि रायफल चालू व्हायची.’ ओठ म्हणजे काडतुसांना वरून धरून ठेवणाऱ्या मॅगझिनच्या आत वळलेल्या कडा. या रायफलचे दुखणे नेमके तेच होते, हे मी लेखात पुरेसे ठळकपणे सांगितले नाही. मॅगझिन रिकामे करून भिंगाखाली धरले, तेव्हा उजव्या ओठाच्या आतल्या कडेवर तिरप्या, समांतर रेघा स्पष्ट दिसत होत्या. त्या कानशीच्याच होत्या. डावा ओठ मूळ जाडीचा होता, तर उजवा पुढच्या अर्ध्या भागात सुरीच्या पात्यासारखा निमुळता झाला होता. त्यामुळे डाव्या बाजूचे काडतूस वेळेवर सुटत असे, पण उजव्या बाजूचे आधीच सुटून नाक वर करी आणि चेंबरच्या वरच्या काठावर आपटे. डमी (दारू नसलेल्या) काडतुसांना मार्किंग ब्लू, म्हणजे घासलेली जागा दाखवणारा निळा रंग, लावून बोल्ट सावकाश पुढे नेला, तेव्हा रंग नेमका कुठे पुसला गेला ते मालकांनाही आपल्या डोळ्यांनी पाहता आले. (हे काम जिवंत काडतुसांवर कधीही करू नये, दुकानात आम्ही फक्त डमीच वापरतो.)

ही रायफल ली पद्धतीची, म्हणजे इंग्रजी लष्कराच्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीच्या बांधणीची आहे आणि .३१५ च्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. .३०३ हे लष्करी काडतूस असल्याने इंग्रजी अमलात ते खासगी माणसाला ठेवता येत नसे, म्हणून त्याच बांधणीवर ऑस्ट्रियन मानलिखर घराण्यातल्या ८ मिमी काडतुसाच्या शिकारी रायफली तयार झाल्या. .३०३ ची केस सुमारे ५६ मिमी लांब आहे, तर याची सुमारे ५० मिमी आणि अंगाने जाड. मुळात एका काडतुसासाठी आखलेली बांधणी दुसऱ्या, आखूड आणि जाड काडतुसासाठी वापरल्यामुळे ओठांचा कोन आणि फॉलोअरचा (काडतुसांना खालून वर ढकलणाऱ्या पट्टीचा) उतार कारखान्यातच जुळवून दिलेला असतो. तो जुळवलेला कोन दोन हात कानशीने जातो, आणि गेलेला धातू परत आणता येत नाही. रायफलच्या मूळ अंगाला तर मी कानस लावतच नाही.

तीन आठवडे का लागले, तेही सांगतो. मॅगझिनमध्ये जुने ग्रीस लाखेसारखे घट्ट झाले होते. ते रॉकेलमध्ये भिजवून मऊ व्हायलाच दोन दिवस गेले. उजव्या भिंतीला पोचा होता, तो आतून सागवानी ठोकळा धरून हलक्या हाताने काढला. मॅगझिन धरून ठेवणारा खटका झिजल्यामुळे ते आपल्या जागेपासून किंचित खाली बसत होते, आणि मॅगझिन खाली बसले की बोल्ट काडतुसावरून नुसता सरकून जातो. म्हणजे एकाच रायफलमध्ये तीन दोष होते आणि लक्षणे एकमेकांत मिसळली होती. एकेक दोष काढायचा, प्रत्येक वेळी पाचही डमी चालवून पाहायच्या आणि मगच पुढच्याला हात घालायचा, याला वेळ लागतोच. शेवटी झिजलेल्या ओठासाठी त्याच जातीचे दुसरे जुने मॅगझिन मिळवले आणि त्याचे ओठ या रायफलला जुळवून घेतले, न तापवता, अगदी किंचित वाकवून. मूळ मॅगझिन कापडी पिशवीत चिठ्ठी घालून मालकांना परत दिले आहे. ते त्या घराचे आहे आणि रायफलसोबतच राहायला हवे.

परवान्याबद्दल आपला समज चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ जी सूट देते ती जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला आहे, पण ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. पाच काडतुसे चढवून झाडू शकणारी रायफल शंभर वर्षांची असली तरी या सवलतीत बसत नाही. दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यालाही याच अधिनियमाच्या कलम ५ खाली परवाना लागतो. आपल्या भागात शेतसंरक्षणाच्या बंदुका पुष्कळ आहेत आणि ओळखीच्या लोहाराकडून त्या ‘जरा बघून घेण्याची’ पद्धतही आहे. त्यात मालक आणि लोहार दोघेही अडचणीत येऊ शकतात, म्हणून मी ते स्पष्ट लिहिले. घाबरवण्याचा हेतू नव्हता.

आता शिकारीचा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हौसेची शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले असे माझे मत आहे. परंतु ही रायफल परवान्यावर आहे, घरात आहे, आणि निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा होऊन परतही येते. ती घरात असणारच असेल, तर काडतूस अर्धवट अडकणारी रायफल ही नीट चालणाऱ्या रायफलपेक्षा अधिक धोक्याची आहे. बोल्ट पूर्ण बंद होण्याआधी मागे ओढला, तर पहिले काडतूस चेंबरमध्येच राहू शकते आणि पुढच्याचे नाक त्याच्या बुडावर, म्हणजे आघात होताच काडतूस उडवणाऱ्या टोपीवर जाऊन आदळू शकते. गोंधळलेला माणूस अशा वेळी नळीच्या तोंडाकडे पाहत बसतो. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

आपल्या काकांची रायफलही तिसऱ्या काडतुसाला अडते, असे आपण शेवटी लिहिले आहे. ती साताऱ्याला आणणार असाल, तर रिकामी करून, परवान्यासह आणि परवानाधारकांनाच सोबत घेऊन आणावी. तोवर तिला कानस लावू देऊ नका. अडलेले तिसरे काडतूस काढल्यावर त्याच्या केसवर ओरखडा दिसत असेल, तर तो उजवीकडे आहे की डावीकडे, मानेजवळ आहे की बुडाजवळ, एवढे मात्र येण्यापूर्वी लिहून कळवा.